आमाने सांगितलं होतं

दिंग युंगफा ऑफिसात आले तेव्हा त्यांच्या अंगात लोकरीचा कोट होता. पिनांगच्या उकाड्यात लोकरीचा कोट घालून फिरणारा माणूस बेंग होकने आजवर पाहिला नव्हता. कॉलर घामाने काळी पडली होती, पण काढा म्हटलं तरी ते कोट काढेनात. आतल्या खिशात मुलीचा पासपोर्ट होता, हे त्याला नंतर कळलं.

ऑफिस कॅम्पबेल स्ट्रीटवर, एका चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर होतं. तेओह गेक सिम पूर्वी विमा कंपनीत दावे तपासायची. नवरा गेल्यावर तिने नोकरी सोडली आणि स्वतःचा तपासाचा धंदा सुरू केला. बेंग होक तिचा धाकटा दीर, जन्मभर फेरीबोटीवर काम करून निवृत्त झालेला. आता तो वहिनीची गाडी चालवायचा, खालून कॉफी आणायचा आणि ती विचारात असली की गप्प बसायचा. यातलं शेवटचं त्याला सगळ्यात कमी जमायचं.

दिंग खुर्चीच्या कडेला बसले. त्यांचं पहिलं वाक्य असं होतं, "माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नव्हता."

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. ते चीनच्या ईशान्य टोकाचे, हार्बिनच्याही पलीकडच्या एका लहान गावचे. गावाला गरम पाणी पुरवणाऱ्या कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात त्यांची नोकरी सरली. बायको लवकर गेली. रुओलान ही एकुलती एक मुलगी. लहानपणी शेजारणीने दिलेल्या चिक्कीच्या एका तुकड्याने ती निळी पडली होती. त्या दिवसापासून घरात शेंगदाणा आला नाही, दाण्याचं तेल आलं नाही. नवीन वर्षाला पाहुणा आला तरी दिंग आधी त्याची पिशवी तपासत.

रुओलान मोठी झाली आणि शेनझेनला नोकरीला गेली. तिथे तिला पिनांगचा येओह ची हान भेटला. लग्नाचं ठरलं, म्हणून ती त्याच्या घरच्यांना भेटायला आली. काही दिवस हॉटेलात राहिली, मग एके सकाळी त्याच्या जेलुटाँगच्या घरी गेली. त्याच दिवशी संध्याकाळी त्या घरातच तिचा जीव गेला.

हॉस्पिटलने कारण सांगितलं, शेंगदाणा. पोलिसांनी अपघात म्हणून फाईल बंद केली. पण बंद करताना एका अधिकाऱ्याने दिंगना बाजूला घेऊन चांगल्या मँडरिनमध्ये समजावलं की, घरातल्या आजीने तिला आत शेंगदाणे असल्याचं स्पष्ट सांगितलं होतं. तरी तिने खाल्लं.

"त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला," दिंग म्हणाले. "म्हणाला, पोरांच्या मनात काय चाललेलं असतं ते आईबापांना कळत नाही."

"तिच्याजवळ औषध नव्हतं?" गेक सिमने विचारलं.

होतं. मांडीत टोचायचं इंजेक्शन. माडीवरच्या खोलीत तिच्या पर्समध्ये. त्याला कुणी हातही लावला नव्हता.

"एक तर ती म्हातारी खोटं बोलते आहे," दिंग म्हणाले, "म्हणजे त्यांनी माझ्या मुलीला मारलं. नाहीतर..."

गेक सिमने केस घेतली.

ची हान त्याच सकाळी ऑफिसात येऊन गेला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. दिंगसमोर बसायची त्याची हिंमत होईना, म्हणून ते खाली गाडीत थांबले.

त्याने सांगितलं की रुओलान फार जपून राहायची. मलय आणि तमिळ लोकांच्या गाड्यांवर खायचं असलं तर तिच्याजवळ मलय भाषेत लिहिलेलं कार्ड असायचं. ते दाखवून, त्या माणसाच्या तोंडाकडे बघत ती उत्तराची वाट पाहायची. साटेच्या मांसाला दाण्याची चटणी असते, म्हणून त्या गाडीजवळून जाताना रस्ता ओलांडून पलीकडे जायची.

"आणि चिनी गाड्यांवर?"

"तिथेही विचारायची. पण कार्ड नाही काढायची. म्हणायची, इथे माझीच भाषा आहे, इथे मला भीती नाही वाटत."

शेंगदाण्याचं त्याने आईला फोनवर दोनदा सांगितलं होतं, आणि सगळ्या घराला सांगायलाही बजावलं होतं. आईला हे लग्न पसंत नव्हतं, हे त्याने लपवलं नाही. तिच्या मनात तैपिंगच्या एका ओळखीतल्या घराण्यातली मुलगी होती. त्या दिवशी दुपारी जेवणानंतर आईने रुओलानला तोंडावर सांगितलं की या घरात तुझी जागा नाही. रुओलान रडली. तिला आधीच जबर सर्दी झाली होती, नाक पार बंद झालेलं. ची यिनच्या, म्हणजे त्याच्या बहिणीच्या खोलीत ती जाऊन पडली. तो तिच्यासाठी सर्दीचं औषध आणायला बाहेर पडला. परत आला तेव्हा दारात ॲम्ब्युलन्स होती.

"आजी तिला शेंगदाण्याचं बोलली, हे तुला कुणी सांगितलं?"

"ची यिनने. नंतर. आमा तर त्या दिवसापासून बोलतच नाहीये." आमा म्हणजे आजी. "जेवतही नाही धड."

तो गेल्यावर बेंग होकने आपलं मत सांगून टाकलं. त्याच्या मते सगळं सरळ होतं. आईला मुलगी नको होती, म्हातारीने सुनेच्या सांगण्यावरून काम केलं, आणि आता घर एक होऊन बोलतंय.

"शक्य आहे, भाऊजी," गेक सिम म्हणाली. "फक्त एक अडचण आहे. ज्याला विष घालायचं असतं तो विष आहे म्हणून सांगत नाही."

जेलुटाँगला जाण्याआधी दिंगना काहीतरी खायला घालावं म्हणून ती एका जुन्या कॉफीच्या दुकानात थांबली. बेंग होकला गाडी लावायला जागा मिळता मिळेना. तो येऊन पोचला तेव्हा टेबलावर भलतंच चाललं होतं. दिंगसमोर उकडलेल्या शेंगांची बशी होती आणि ते खुर्ची मागे ढकलून उभे होते. दुकानातली म्हातारी बाई भेदरून होक्कियनमध्ये, म्हणजे बेटावरच्या चिनी लोकांच्या बोलीत, माफी मागत होती, पण कशाबद्दल ते तिलाच कळत नव्हतं.

"काय झालं?"

"त्यांनी बटाटे मागितले होते," गेक सिम म्हणाली. "भात आणि नुसते बटाटे. तिने या आणल्या."

"ऐकू कमी येत असेल."

गेक सिमने बशी उचलून शेजारच्या रिकाम्या टेबलावर ठेवली, दिंगना बसवलं आणि तुम्ही नक्की काय म्हणालात ते मला पुन्हा सांगा म्हणाली. दिंगनी चिडून एकच शब्द उच्चारला. रस्त्यावरून जाणाऱ्या बसच्या आवाजात बेंग होकला तो ऐकू आला नाही. मग दिंगनी अंड्याची पोळी खाल्ली, अर्धीच.

येओहंचं घर चाळीवजा रांगेतलं होतं. पुढच्या खोलीत लाल देव्हारा, त्याच्यामागे जिना, पलीकडे स्वयंपाकघर. स्वी लियन, ची हानची आई, ताठ बसून बोलली. केस नीट बांधलेले, आवाज एका पट्टीत.

तिने आडपडदा ठेवला नाही. मुलगी मला पसंत नव्हती, म्हणाली. इतक्या लांबची, आपल्या रीतीभाती माहीत नसलेली. पण नापसंत असणं वेगळं आणि जीव घेणं वेगळं. मुलाने शेंगदाण्याचं सांगितल्यावर तिने घरात सगळ्यांना बजावलं होतं.

"सासूबाईंनाही?"

"त्यांनाही. वय झालंय त्यांचं. विसरल्या असतील." ती थांबली. "पण ऐन वेळेला त्यांनी मुलीला सांगितलं ना. मग दोष कुणाचा?"

दिंग तिच्याकडे एकटक बघत बसले होते. तिने एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

ची यिन पियानो शिकवायची. गेक सिम तिला घेऊन स्वयंपाकघरात गेली, बेंग होकही मागे गेला. ही मंडळी घरात आल्यापासून ती रडत होती आणि रडताना घड्याळाचा पट्टा उघडबंद करत होती.

त्या सकाळी, ती म्हणाली, आमाने तिला विचारलं की दाराशी या कुणाच्या नव्या चपला आहेत. ची यिनने सांगितलं की दादाची होणारी बायको आली आहे. आमाचा चेहरा उजळला. ती लगेच उठली, तांदळाचं पीठ भिजवलं, रताळी उकडली, लाकडी साचा शोधून काढला आणि दुपारभर खपून लाल कासवं केली. तांदळाची लाल उकड, आत गोड सारण, कासवाच्या साच्यात दाबून केळीच्या पानावर वाफवलेली. शुभ प्रसंगाला करतात ती. आईला ते दिसलं तेव्हा घाणा वाफेवर चढला होता.

संध्याकाळच्या सुमारास रुओलान खाली आली. आमाने तिला जवळ बसवलं आणि एक कासव हातात दिलं. ची यिन जिन्यावर केस पुसत उभी होती.

"तिने विचारलं, आत काय आहे? ती सगळ्यालाच विचारायची. आमाने सांगितलं, शेंगदाणे. मी माझ्या कानांनी ऐकलं. मग ती हसली. एवढं रडून झाल्यावर पहिल्यांदा हसली. म्हणाली, मी तर यावरच वाढले. आमच्याकडे तळघर भरून असतात, हिवाळाभर दुसरं काही नसतं, बाबा एकेक निवडून ठेवतात. आणि खाल्लं तिने."

"तू काही बोलली नाहीस?"

"मला वाटलं दादाने उगाच बाऊ केला असेल. थोडे चालत असतील." ती पट्ट्याशी चाळा करायची थांबली. "मी एक शब्द बोलायला हवा होता."

मग रुओलान खोकायला लागली. घशात चिकटलं म्हणाली, पाणी मागितलं. आमा तिची पाठ थोपटू लागली. पीठ चिकट असतंच, म्हाताऱ्या माणसांच्या घशात अडकतं, म्हणून ची यिनही धावून पाठच थोपटत राहिली. रुओलानला आणखी पाणी दिलं. आवाज बंद झाल्यावर तिने जिन्याकडे बोट दाखवलं, पण तिला झोपायला जायचं आहे असं त्यांना वाटलं.

"आमा तिच्याशी कुठल्या भाषेत बोलत होती?"

"मँडरिनमध्ये. म्हणजे, आमाच्या मँडरिनमध्ये. शाळा कुठली तिला. मालिका बघून शिकली. होक्कियन शब्दच घेते आणि मँडरिनच्या सुरात म्हणते. आम्ही लहानपणी हसायचो तिला."

आमाच्या खोलीचं दार बंद होतं. गेक सिमने दारावर टकटक केली, काही वेळ थांबली आणि परत फिरली.

दिंगना हॉटेलवर सोडायला बेंग होक एकटाच गेला. समुद्राकडेचा रस्ता पकडला, गर्दी कमी म्हणून. एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा दिंग काचेबाहेर बघतच बोलायला लागले.

तिने इतक्या लांब लग्न करू नये असं त्यांना वाटत होतं. आदल्या दिवशी तिचा फोन आला होता. उद्या त्यांच्या घरी जाणार आहे, म्हणाली. आवाज सर्दीने बसलेला. त्यांनी तिला औषध घे म्हणायला हवं होतं. त्याऐवजी भांडण झालं.

"मी म्हणालो, जायचं तर जा. तिकडे मेलीस तरी मला कळवू नकोस."

सिग्नल सुटला. मागची गाडी हॉर्न वाजवत होती.

"दुसऱ्या दिवशी सासू तिला नाही म्हणाली. बापाचं दार बंद, ते दारही बंद. मग कुणीतरी तिच्या हातात शेंगदाणा दिला, आणि सांगून दिला. अंकल, तुम्हीच सांगा. मी तिला मारलं का?"

बेंग होक त्यांच्याहून वयाने लहान असूनही दिंग त्याला अंकल म्हणत होते, इथल्या लोकांचं ऐकून. खरं सांगायचं तर बेंग होकला वाटलं, असंच झालं असणार. हॉटेलच्या दारात त्याने उतरून त्यांच्यासाठी गाडीचं दार धरलं, एवढंच.

परत आल्यावर त्याने सगळं वहिनीला सांगितलं आणि ही केस इथेच सोडून देऊ म्हणाला. म्हातारी खोटी ठरली नाही तर बाप खचेल. त्याला संशयात तरी जगू दे.

गेक सिमने विचारलं, "भाऊजी, ज्या घरात शेंगदाणा आला नाही, त्या घराचं तळघर कशाने भरलं असेल?"

त्याला प्रश्न कळला नाही. उद्या सकाळी सगळ्यांना जेलुटाँगला बोलवा, म्हणाली.

सकाळी पुढच्या खोलीत सगळे जमले. दिंग कोट घालूनच आले. ची हान दाराशी उभा होता, स्वी लियन आपल्या खुर्चीत, ची यिन जिन्याच्या पायरीवर. गेक सिम आत गेली, आमाच्या पलंगाशी बराच वेळ हलक्या आवाजात बोलत राहिली आणि शेवटी तिला हाताला धरून बाहेर घेऊन आली. आमा फार लहान होती. खुर्चीत बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"आपल्यासमोर दोनच शक्यता ठेवल्या गेल्या," गेक सिम म्हणाली. "आमा खोटं बोलते, किंवा रुओलानला मरायचं होतं. पहिली चूक आहे, कारण ची यिनने स्वतः ऐकलं. तिने आजीला वाचवायला हे रचलं असतं, तर आपण जिन्यावर उभं राहून गप्प बसलो हे सांगितलं नसतं."

ची यिनने मान खाली घातली.

"दुसरीही चूक आहे. जिला मरायचं आहे ती आत काय आहे म्हणून विचारत नाही. आणि ती तळघराच्या गोष्टी सांगत नाही. रुओलान म्हणाली, मी यावर वाढले. आमच्याकडे तळघर भरून असतात. बाबा एकेक निवडून ठेवतात. शेंगदाण्याबद्दल ती हे म्हणूच शकत नव्हती. मग ती कशाबद्दल बोलत होती? दिंगसाहेब, तुमच्या तळघरात काय असतं?"

दिंगना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "कोबी," ते म्हणाले. "आणि बटाटे. सडके निवडून काढावे लागतात, नाहीतर सगळे जातात."

गेक सिम आमाकडे वळून होक्कियनमध्ये बोलली. "आमा, त्या दिवशी तिने विचारलं, आत काय आहे. तुम्ही तिला काय सांगितलंत? आमच्यासाठी नको, तिच्याशी बोललात तसंच सांगा. तोच शब्द."

आमाचे ओठ हलले. आवाज यायला वेळ लागला. कित्येक दिवसांनी वापरलेला आवाज होता तो.

"तुदौ," ती म्हणाली. "मी तिला म्हटलं, तुदौ. गोड तुदौ."

बेंग होकने मान हलवली. शेंगदाणे. म्हातारीने सांगितलंच होतं की. मग त्याचं लक्ष दिंगकडे गेलं.

दिंग उभे राहिले होते. रंग उडाला होता.

"तुम्ही काय ऐकलंत?" गेक सिमने त्यांना मँडरिनमध्ये विचारलं.

"बटाटे," दिंग म्हणाले. "ती म्हणाली, बटाटे."



गेक सिमने सावकाश सांगितलं. शब्द एकच, लिहायची अक्षरंही तीच. मातीतला दाणा. होक्कियन बोलणाऱ्यांच्या पूर्वजांनी ते नाव शेंगदाण्याला दिलं, उत्तरेकडच्या लोकांनी बटाट्याला. दोघंही मातीखालून निघतात, दोघांचंही बरोबर. या बेटावरच्या कुठल्याही म्हातारीला तुदौ म्हटलं तर ती शेंगा आणून ठेवेल. काल कॉफीच्या दुकानात तेच झालं. दिंग बटाटे म्हणाले आणि त्या बाईने तिला जे ऐकू आलं तेच आणलं.

"पण मी," ची हान म्हणाला, आणि त्याला पुढे बोलवेना. "मला दोन्ही माहीत आहेत. दोन्ही."

"तू आमाशी होक्कियन बोलायचास आणि तिच्याशी तिची मँडरिन. ते दोन शब्द तुझ्या तोंडात कधी समोरासमोर आलेच नाहीत. आणि तुला जे सांगितलं गेलं त्यात आमाचा शब्द नव्हता, त्याचा अर्थ होता. पोलिसांनाही अर्थच सांगितला गेला, दिंगसाहेबांनाही. नेमका शब्द कोणता, हे कुणी विचारलं नाही."

तिने उरलेलंही सांगितलं. सर्दीने नाक बंद, म्हणून वास आला नाही. गोड सारण बारीक कुटलेलं, म्हणून दिसून कळलं नाही. आणि इंजेक्शनकडे ती धावली नाही, कारण आपण बटाटा खाल्लाय अशी तिची खात्री होती. चिकट पीठ घशात अडकलं असंच तिला आधी वाटलं. कळलं तेव्हा बोलता येत नव्हतं, म्हणून तिने वरच्या पर्सकडे बोट दाखवलं.

"ती मरायला निघाली नव्हती, दिंगसाहेब. जगायचं होतं म्हणून जिन्याकडे बोट दाखवत होती."

दिंग स्टुलावर बसले. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकलं. बेंग होकला वाटलं, उठून त्यांच्याजवळ जावं, पण तो बसून राहिला.

"एक गोष्ट उरली," गेक सिम म्हणाली. आता ती स्वी लियनकडे बघत होती. "रुओलानने शब्द चुकीचा ऐकला, तरी दुसऱ्या बाजूने तिला वाचवता आलं असतं. आमाला माहीत असायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, तुम्ही त्यांना बजावलं होतं. पण त्या सकाळी आमाने दारातल्या चपला बघून विचारलं, या कुणाच्या? मुलगी येणार आहे हेच ज्यांना माहीत नव्हतं, तिला काय चालत नाही ते त्यांना कुठून माहीत असणार?"

स्वी लियन ताठ बसली होती. तशीच ताठ बसून ती रडायला लागली, चेहरा न हलवता.

"आमाला सांगितलं असतं तर तिने लाल कासवं केली असती," ती म्हणाली. "शेजारीपाजारी वाटली असती. मग मला नाही म्हणता आलं नसतं. मला वाटलं, मुलगी येईल, चहा पिऊन जाईल, म्हातारीला कळायचंही नाही. वाफ दिसली तेव्हाही मला राग आला, शेंगदाणा आठवला नाही. नंतर आठवला. मग मी खोटं बोलले."

"आई," ची हान म्हणाला. त्या हाकेत काही नव्हतं, राग नव्हता आणि मायाही नव्हती. तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

स्वी लियन उठून दिंगसमोर गेली आणि गुडघे टेकू लागली. दिंगनी तिला कोपराला धरून थांबवलं.

"नका," ते म्हणाले. "तुम्ही गुडघे टेकलेत तर मला काहीतरी म्हणावं लागेल. आज माझ्याजवळ काही नाही. पुढेही असेल असं वाटत नाही."

तिला परत खुर्चीत बसायला ची यिनने मदत केली.

आमाला मँडरिनमधलं अर्धंच कळलं होतं. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिने गेक सिमची बाही ओढली आणि विचारलं, माझ्या हातून झालं का?

गेक सिमने आमाशेजारी बसून खरं तेच सांगितलं, होक्कियनमध्ये, लहान लहान वाक्यांत. आमाने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. तिचे हात मांडीवर पीठ मळल्यासारखे हलत राहिले.

दिंगनी आपलं स्टूल ओढून आमाच्या समोर घेतलं. इतके जवळ बसले की दोघांचे गुडघे लागले. ते एकेक शब्द सुटा करून बोलले, आणि बेंग होक मध्ये बसून दोन्हीकडे अर्थ पोचवत राहिला.

"ती हसली होती?"

"हसली," आमा म्हणाली. "गालाला खळी पडली."

"माझ्याबद्दल बोलली?"

"म्हणाली, बाबा निवडून ठेवतात. चांगले वर, बारके खाली. मला नवल वाटलं, शेंगदाणे कुणी असे ठेवतं का. पण ती इतकी आनंदात होती. मी म्हटलं, लाडकी लेक दिसते."

दिंग मान हलवत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यांनी ते पुसलं नाही. मग त्यांनी कोट काढला, घडी करून मांडीवर ठेवला.

आमाने विचारलं, "मग तुमच्यात त्याला काय म्हणतात?"

"कशाला?"

"शेंगदाण्याला."

"हुआशंग," दिंग म्हणाले.

"ह्वाशान."

"हुआ. शंग."

"हुआशंग." आमाने मोजकेच उरलेले दात एकावर एक दाबून तो शब्द पुन्हा म्हटला, मग पुन्हा. दर वेळी ती दिंगच्या तोंडाकडे बघून, जमलं का म्हणून थांबायची. दुसरा भाग तिला वर चढवता येईना. दिंग तिचा हात आपल्या हातात धरून, घाई न करता, तो शब्द तिला शिकवत राहिले.